दक्षिणेकडच्या सोळा सऱ्या

बटाट्याचा शनिवार आणि मोजणीचा शनिवार एकच निघाला, तेव्हाच लीवीने कपाळाला हात लावला होता. वर्षातले बाकीचे एक्कावन्न शनिवार काय ओस पडले होते?

मोजणीदार दोन वाजता येणार होता. फुटबॉल संघटनेचा माणूस, राजधानी तालिनहून, टेप आणि कागद घेऊन. त्याच्यासमोर चार सह्या व्हायला हव्या होत्या: बाबांची, थोरल्या उर्वेताईची, भावाची म्हणजे रिहोची आणि तिची स्वतःची. स्वतःची सही ती झोपेतही करून देईल. बाकीच्या तीन मागायच्या कुणी, तर तिनेच. रिस्तिवेरेच्या क्लबात गेली अकरा वर्षं असंच चाललं होतं. जे काम कुणालाच नको असे, ते फिरून फिरून चिटणीसबाईंकडे, म्हणजे तिच्याकडे, येई. जर्सी धुवा, चुन्याच्या रेघा मारा, पंचांना सूप वाढा, आणि आता घरच्यांकडून जमीन मागा.

तशी अट साधी होती. आठशे वस्तीचं गाव, बाराव्या खेळाडूची मारामार असलेला संघ, तरी अगदी तळाच्या चौथ्या लीगमधून सहाव्या वर्षी तिसऱ्या लीगमध्ये गेला होता आणि यंदा चार सामने बाकी असतानाच दुसऱ्या लीगचं तिकीट मिळवून बसला होता. दुसऱ्या लीगला मैदान शंभर मीटर लांब लागतं. रिस्तिवेरेचं मैदान ब्याण्णव. उत्तरेच्या गोलामागे बसचा रस्ता, तो काही सरकणार नव्हता. दक्षिणेच्या गोलामागे बाबांचं बटाट्याचं शेत. आठ मीटर मैदानाला, तीन मीटर गोलामागे मोकळे सोडायला, म्हणजे बत्तीस सऱ्यांपैकी सोळा सऱ्या. सोमवारपर्यंत सह्यांचा कागद गेला नाही तर घरचे सामने जिल्ह्याच्या गावी, चाळीस किलोमीटरवर. आपल्याच गावचा क्लब बघायला चाळीस किलोमीटर कोण जाणार होतं? दोन वर्षांत क्लब बंद पडला असता, आणि त्याच्याबरोबर लीवीची अकरा वर्षं.

जमीन आईच्या माहेरची होती. सरकारी सामूहिक शेती मोडल्यावर ती आईला परत मिळाली, आणि नऊ वर्षांपूर्वी आई गेल्यावर चौघांच्या नावावर चढली. तेव्हापासून त्या शेताबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. वसंतात बाबा बत्तीस सऱ्या लावत, सप्टेंबरात सगळे येऊन काढत, पोती भरत, वाफेच्या अंघोळीची सौना तापवत आणि आपापल्या घरी जात.

लीवीने उन्हाळ्यातच दोघांना फोन केले होते.

"माझी काय हरकत असणार?" रिहो म्हणाला होता. "पण बाबांचं बघ. त्यांना विचारलंस का?"

"माझं काही नाही गं," हेलसिंकीहून उर्वेताई म्हणाली होती. ती तिथे नर्स होती. "पण आईचं शेत ते. बाबांना सोसेल का? तू जरा अंदाज घे."

अंदाज घे म्हणजे विचारू नकोस. लीवीने दोन महिने अंदाज घेतला. दर आठवड्याला ती बाबांकडे जाई, तो पाऊस किती झाला ते सांगे, ती सरपण पुरेल का ते विचारी, आणि दारातच बटाट्यांची बादली हातात घेऊन परत येई. क्लब हा शब्द त्या घरात निघत नसे. त्याला कारण होतं, आणि ते अख्ख्या गावाला माहीत होतं.

पहिल्या मोसमात बॉल दक्षिणेच्या गोलावरून बटाट्यांत गेला होता आणि तेव्हाचा गोलकीपर आयवो तो आणायला धावत सऱ्यांत शिरला होता. बाबा कुंपणाशी उभे होते. त्यांनी आयवोकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत, नुसतं बघितलं. आयवो तसाच उलट पावली परत आला आणि म्हणाला, "हेल्दुरला चालत नाही." हेल्दुर म्हणजे बाबा. त्या दिवसापासून क्लबात नियमच झाला: दक्षिण म्हणजे गेला. गोलावरून बॉल गेला की सगळे खाली मान घालत आणि राखीव खेळाडू दुसरा बॉल काढत. लीवी दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरे ती निम्मी त्या बॉलांपायी. आयवो आता प्रशिक्षक झाला होता, पोट सुटलं होतं, तरी बाबा दुकानात दिसले की ब्रेडच्या फळीआड जाई.

सकाळी आठला निळा जुना ट्रॅक्टर धुरळा उडवत सुरू झाला. ब्याऐंशीव्या वर्षीही तो बाबाच चालवत. मागचं यंत्र सरी उलटवत जाई आणि ही चौघं वाकून तारेच्या टोपल्यांत बटाटे वेचत: लीवी, उर्वेताई, रिहो आणि रिहोची बायको मेरिके. मेरिके पार आग्नेयेकडच्या सेतू लोकांतली. तिकडची माणसं मनातलं बोलतात. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी या घराला त्याची सवय झाली नव्हती.

"बोललीस का?" रिहोने टोपली ओतता ओतता हळूच विचारलं.

"तू का नाही बोलत? एकुलता मुलगा आहेस."

"क्लब तुझा आहे."

"आणि बाप तुझा नाही?"

"हे बघ लीवी, मी नाही म्हटलेलं नाही. बाबा हो म्हणाले की माझं हो."

"ताई, तुझं?"

उर्वेताईने कंबरेवर हात ठेवून शेताकडे पाहिलं. "आजच्या दिवशी नको गं. वर्षातून एकदा भेटतो. उद्या सकाळी बोल हवं तर."

"मोजणीदार आज दोनला येतोय. उद्या बोलून काय त्याला टपालाने मोजायला सांगू?"

दोघांनी पुन्हा टोपल्या उचलल्या. या दोघांच्या तोंडातली मिठाची गुळणी आज थुंकली जाणार नव्हती हे लीवीला दिसत होतं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. नाही म्हणणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

अकराला कॉफीसाठी सगळे शेताच्या बांधावर टेकले. थर्मास, काळा ब्रेड, खारवलेला मासा, काकडीचं लोणचं. समोर सऱ्यांपलीकडे मैदान. तीस पावलांवर दक्षिणेचा गोल, त्याचं जाळं वाऱ्याने हलत होतं. चार वाजता तिथेच मॅच होती.

लीवीने कप खाली ठेवला. "बाबा, क्लब दुसऱ्या लीगमध्ये गेला."

"कळलं," बाबा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"ओरडत होतात."

लीवीने पुन्हा तोंड उघडलं तेवढ्यात रिहो म्हणाला, "संध्याकाळी पाऊस येईल."

"येईल," बाबा म्हणाले आणि उठून ट्रॅक्टरकडे गेले. लीवीने रिहोकडे असं बघितलं की त्याने उरलेली काकडी न खाताच ठेवून दिली.

बारा वाजेपर्यंत वीस सऱ्या झाल्या आणि पोती संपली. रिहो दरवर्षी वीस आणी, यंदा सहाच आणली होती. विसरलो म्हणाला. बाबा ट्रॅक्टरवर दूर होते.

"गोठ्यात असतील जुनी," मेरिके म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत चालायला लागली. शेवटची गाय विकल्यापासून त्या गोठ्यात कुणी पाऊल ठेवलं नव्हतं.

ती परत आली ती पोत्यांशिवाय. दोन्ही काखांत एकेक फुटबॉल.

"आत आणखी आहेत," ती म्हणाली. "गव्हाणभर."

लीवी हातातली टोपली टाकून धावली. गोठा झाडलेला होता. गाईंची लांब लाकडी गव्हाण या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉलांनी भरली होती. धुतलेले, पुसलेले, हवा भरलेले. कडेला खिळ्याला सायकलचा पंप टांगलेला. पांढऱ्यावर निळा पट्टा असलेले पहिल्या वर्षीचे बॉल तिने लगेच ओळखले, तिनेच पसंत केले होते. शंभराच्या वर असावेत. तिला रडावं की ओरडावं कळेना, म्हणून तिने दारावर लाथ मारली.

मागे बाबा येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे उर्वेताई आणि रिहो.

"दार जुनं आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, हे काय आहे?"

"बॉल."

"ते दिसतंय मला. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी लोकांच्या दारात उभी राहून बॉलांसाठी मागते आहे, आणि तुम्ही इथे गव्हाणीत पुसून ठेवताय?"

"धुवावे लागतात. चिखल असतो."

"मग परत का नाही दिलेत?"

"कुणी मागायला आलं नाही." बाबांनी टोपी काढली, परत घातली. "मला वाटलं, तुम्हाला नको असतील. एक गेला की लगेच दुसरा काढता. पैसेवाला क्लब असेल म्हटलं."

"तुमच्या भीतीने येत नव्हते. तुम्ही आयवोकडे कसं बघितलंत?"

"कधी?"

"पहिल्या वर्षी. तो सऱ्यांत शिरला तेव्हा."

बाबांनी आठवून बघितलं. "बघितलं खरं. त्याच्या पायांकडे बघत होतो. खिळ्यांचे बूट घालून ओल्या सरीत धावत होता. घोटा मुरगळला असता. तुमच्याकडे एकच गोलकीपर."

"मग तसं बोलायचं ना, बाबा."

"तो निघून गेला. मग काय त्याच्या मागे धावू?"

उर्वेताईने भिंतीला पाठ टेकली. रिहो गव्हाणीतला एक बॉल उचलून, जणू विकत घ्यायचा असल्यासारखा, फिरवून फिरवून बघत राहिला. मग मेरिकेने पुढे येऊन काखांतले दोन्ही बॉल गव्हाणीत ठेवले.

"आता निघालंच आहे तर सगळंच बोलू या," ती म्हणाली. "बाबा, रिहो पोती विसरला नाही. मीच आणू दिली नाहीत. आम्ही दोघंच उरलोय घरात. मागच्या वसंतात तळघरातली चार पोती कुजली. वास वरच्या मजल्यापर्यंत. मी नाक बांधून टाकून आले."

"मेरिके," रिहो म्हणाला.

"मेरिके काय? तू येताना गाडीत म्हणालास ना, यंदा पाठीचं काही खरं नाही?"

बाबा उर्वेताईकडे वळले. "तू?"

ताईचे कान लाल झाले. साठीला टेकलेली बाई, वॉर्डात म्हणे भल्याभल्यांना गप्प बसवते. "मी जहाजावरून नेते बाबा. एक पोतं. शेजारच्या बाईला देते. तीसुद्धा आता दार उघडत नाही."

"मग नेता कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," रिहो म्हणाला. "आईचे बटाटे. तुम्ही एवढे कष्ट करून लावता."

"मी लावतो तुम्ही नेता म्हणून," बाबा म्हणाले. "मला चार सऱ्या पुष्कळ झाल्या. मेमध्ये लावून झालं की मी आठवडाभर बसून मोजे घालतो, वाकता येत नाही."

लीवी मटकन दूध काढायच्या जुन्या स्टुलावर बसली. म्हणजे नऊ वर्षं एक म्हातारा माणूस कंबर मोडून नको असलेले बटाटे लावत होता, आणि तीन शहाणी माणसं कंबर मोडून ते काढत होती, एक पोतं समुद्रापार जात होतं आणि बाकीची तळघरात कुजत होती. आणि या सगळ्याला घरात माया म्हणत होते. तिला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली, स्वतःलासुद्धा. दोन महिने दारातून बादली घेऊन जाणारी ती काय वेगळी होती?

"बाबा," ती म्हणाली, "मला सोळा सऱ्या हव्यात. गोलाकडच्या. क्लबला. आज. नाहीतर आम्हाला वर जाता येणार नाही, आणि मी थकले आहे."

"एवढंच?" बाबा म्हणाले. "मला वाटलं तू आजारी आहेस. दोन महिने दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघत होतीस."

मोजणीदार दोनच्या ठोक्याला आला. सडपातळ, चकचकीत बुटांचा, अदबीने बोलणारा माणूस. टेपचं एक टोक त्याने रिहोकडे दिलं, तर बाबांनी ते रिहोच्या हातातून घेतलं आणि स्वतः उलटलेल्या मातीतून चालत गेले. सोळाव्या सरीवर खुंटी ठोकली तीही त्यांनीच. परत येताना ते मोजणीदाराच्या बुटांकडे बघत होते. बाबा माणसांच्या पायांकडे बघतात हे लीवीच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

बांधावर उलटी टोपली ठेवून तिच्यावर कागद पसरला. लीवीने सही केली, मग ताईने, मग रिहोने. ज्यांनी दोन महिने तिचा जीव खाल्ला त्यांना सही करायला मिनिटसुद्धा लागलं नाही. बाबांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. सगळा. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"जाळी," मोजणीदार म्हणाला. "गोलामागे शेत किंवा रस्ता असेल तर पाच मीटर उंच जाळी लावावी लागते. खर्च क्लबचा. तुमच्या उरलेल्या सोळा सऱ्यांना मुळीच त्रास होणार नाही. एकही बॉल तुमच्याकडे येणार नाही."

बाबांनी पेन खाली ठेवलं.

लीवी पुढे झाली. "बाबा, आता काय?"

"जाळी नको."

"नियम आहे आजोबा," मोजणीदार म्हणाला. "जाळीशिवाय मला पुढे पाठवता येणार नाही."

"मग राहू दे."

"राहू दे म्हणजे?" लीवीचा आवाज चढला. "आत्ता तर एवढंच का म्हणालात. सोळा सऱ्या द्यायला तयार आणि जाळीवर अडलात? तुमच्या फायद्याची आहे ती जाळी. बटाटे तुडवले जाणार नाहीत, बॉल धुवावे लागणार नाहीत, कुणी तुमच्याकडे फिरकणार नाही."

"तेच," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मैदानाकडे तोंड फिरवलं. "बटाटे तर तुम्हाला नकोत. ते आज कळलं. म्हणजे पुढच्या वर्षीपासून या शनिवारी तुम्ही येणार नाही. येऊ नका, पाठ दुखते, मला समजतं. पण घराशेजारच्या लाकडांच्या ढिगाआडून मी मॅच बघतो, आणि बॉल येतो दर शनिवारी. मी पुसून ठेवतो. म्हटलं, कधीतरी कुणी मागायला येईल. जाळी लावली की तेही संपलं."

मेरिके डोळे पुसायला लागली, उर्वेताईने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बाबांचा हात धरला आणि धरल्यावर पुढे काय करायचं ते तिला कळलं नाही. मोजणीदाराने बिचाऱ्याने आपल्या बुटांवरची माती न्याहाळली.

लीवी मात्र चिडली होती. गेली अकरा वर्षं हा माणूस एवढं एक वाक्य पोटात ठेवून लाकडांच्या ढिगाआडून मॅच बघत होता, आणि ती शंभर पावलांवर रेघा मारत होती. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती, त्यांनी किंवा तिने.

"जाळीला दार चालेल का?" तिने मोजणीदाराला विचारलं. "नियमात दाराला मनाई आहे?"

त्याने कागद उलटसुलट केले. "दाराबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग दार ठेवू. कुलूप लावू. किल्ली बाबांकडे. पाच मीटर उंच जाळीवरूनही आमचे लोक सहज मारतात, आमचा नेम तुम्ही बघितलेला नाही. पलीकडे गेलेला बॉल दाराशी जाऊन मागायचा. मागितल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. हा क्लबचा नियम, मी चिटणीस आहे, मी करते." मग ती भावंडांकडे वळली. "आणि घरचे सामने अकरा असतात. यादी देते तुम्हाला. बटाटे नसले तरी यायचं. न आलात तर पोतं पाठवीन, टपालाने, दोघांना."

"अकराला नाही जमणार," रिहो म्हणाला. मेरिकेने त्याच्याकडे बघितलं. "चारला जमेल," तो म्हणाला.

बाबांनी पुन्हा पेन उचललं. "किल्ली एकच करा," ते म्हणाले आणि सही केली.

चार वाजता मॅच सुरू झाली तेव्हा खरंच पाऊस भुरभुरत होता. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता, उरलेल्या बारा सऱ्या तशाच होत्या. उर्वेताई, रिहो आणि मेरिके एका ताडपत्रीखाली बाकावर बसले. बाबांना लीवीने तिथे बोलावलं होतं, पण ते नेहमीच्या जागी, लाकडांच्या ढिगाआड. टोपी मात्र स्पष्ट दिसत होती. ती नेहमीच दिसत असणार.

उत्तरार्धात आपल्याच बचावपटूने घाबरून बॉल उंच मारला आणि तो दक्षिणेच्या गोलावरून बटाट्यांत गेला. मैदानावर सगळ्यांनी सवयीने खाली मान घातली. राखीव खेळाडूने दुसरा बॉल काढला.

"ठेव तो," लीवी बाकावरून ओरडली. "आयवो, जा. मागून आण."

आयवोचा चेहरा पडला. "मी?"

"तूच."

"हेल्दुर—"

"आयवो, आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

आयवो निघाला. सरी चुकवत, बांधाच्या कडेकडेने. लाकडांच्या ढिगाआडची टोपी हलली. बाबांनी सऱ्यांत जाऊन बॉल उचलला, आणि आयवो यायच्या आत लगबगीने घरात शिरून त्यांनी दार लावून घेतलं.

"अरे देवा," रिहो म्हणाला.

"गप्प बस," लीवी म्हणाली.

आयवोने दार वाजवलं. ते लगेच उघडलं नाही. पंचाने घड्याळ बघितलं, लीवीकडे बघितलं. लीवीने त्याला हाताने थांबायची खूण केली. दार उघडलं, आयवो आत गेला, दार पुन्हा लागलं. दोन्ही संघ पावसात उभे. पाहुण्या संघाचा प्रशिक्षक काहीतरी पुटपुटत होता, त्याला मेरिके समजावायला गेली, म्हणजे तो आता संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

चांगली सात मिनिटं गेली. आयवो परत आला तेव्हा त्याच्या एका हातात पुसलेला कोरडा बॉल होता आणि दुसऱ्या हातात बटाट्यांची बादली.

"एवढा वेळ?" लीवीने विचारलं. "काय म्हणाले?"

"काही नाही," आयवो म्हणाला. त्याने बादली खाली ठेवली आणि आपल्या पायांकडे, चिखल लागलेल्या बुटांकडे बघितलं. "बसवलं, कॉफी दिली. आणि सगळा वेळ नुसते माझ्या पायांकडे बघत होते."